पासपोर्टचं शेवटचं पान

"ये कांचन जी कौन हैं?"

व्हिसा एजंट ढिल्लोंने पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं होतं. त्या पानावर वडिलांचं नाव असतं, आईचं असतं आणि त्याखाली पत्नीचं. चंद्रकांत गद्रे यांच्या पत्नीचं नाव अजून कांचन होतं.

"माय वाइफ," चंद्रकांत म्हणाले. मग सावरून, "थीं."

ढिल्लोंने त्यांच्या शेजारी बसलेल्या वासंतीकडे पाहिलं. मग फायलीवरच्या चिठ्ठीकडे. गद्रे कपल, फर्स्ट ॲनिव्हर्सरी, इटली, बारा दिवस. रोम, फ्लॉरेन्स, सिएना, व्हेनिस.

"थोड़ा पंगा है, अंकलजी."

मधुरिमा कडेच्या खुर्चीत बसली होती. बाबांना ऑनलाइन फॉर्म भरता येत नाहीत म्हणून ती मोहालीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली होती. निदान तिने तसं सांगितलं होतं. आई कुठे जाऊ म्हणाली की हा माणूस म्हणायचा, "जुन्या इमारतीच बघायच्यात ना? चल पिंजौरला." आणि बागेत दोन चकरा मारून तिला परत आणायचा. त्याला सहासष्टाव्या वर्षी सिएना कुठून सुचलं, हे तिला पाहायचं होतं.

"बदलना पड़ेगा?" वासंतीने लगेच विचारलं.

ते 'लगेच' मधुरिमाच्या लक्षात राहिलं.

"बेस्ट तो वही है जी. पासपोर्ट री-इश्यू करा लो. पुराना नाम निकल जाएगा, आपका चढ़ जाएगा."

म्हणजे हे असं होतं. इटली हे निमित्त. काम या पानाशी. आईचं नाव काढा असं वासंतीने म्हणायला नको, व्हिसाच म्हणणार. आणि तो फॉर्म भरणार कोण? मधुरिमा. आईचं नाव तिच्याच हातून जाणार.

"बाबा, तुम्हाला बदलायचंय?"

चंद्रकांत घड्याळाचा पट्टा सैल करत होते. "वासंती म्हणेल तसं."

"आईच्या नावाचं यांनी ठरवायचं?"

"मधू, हळू."

"त्याला कुठे मराठी कळतंय!"

"थोडं थोडं कळतं जी," ढिल्लों कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाला. "आपके मराठी एअर फोर्सवाले बहुत आते हैं."

खाली पार्किंगमध्ये कोणीतरी सलग हॉर्न वाजवत होतं.

"दूसरा कोई रास्ता?" वासंतीने विचारलं.

"है ना. पासपोर्ट यही रहने दो. शादी का सर्टिफिकेट लगाओ, साथ में पहली वाली मैडम का डेथ सर्टिफिकेट. पर आंटीजी, घूमने की फाइल में ऐसा कागज़ कौन लगाता है? लोग अपशगुन मानते हैं."

वासंतीने पर्स उघडली. प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक कागद काढला आणि टेबलावर सरळ करून ठेवला.

आईच्या मृत्यूचा दाखला.

मधुरिमाकडे त्याची एक प्रत होती. कपाटात, साड्यांच्या खाली. चार वर्षांत तिने ती एकदाही बाहेर काढली नव्हती. आणि या बाईच्या पर्समध्ये, चाव्या नि रुमालाशेजारी, तो तयार होता.

"हे तुमच्याकडे कसं?"

"लग्न नोंदवताना लागलं होतं."

"आणि आज बरोबर कसं?"

वासंतीने तसलाच दुसरा कागद काढून पहिल्याच्या शेजारी ठेवला. त्यावर नाव होतं विश्राम दिघे. मग स्वतःचा पासपोर्ट काढला, शेवटचं पान उघडलं आणि ढिल्लोंपुढे सरकवला. पतीच्या रकान्यात तेच नाव होतं.

"माझंही बदलायचं राहिलंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "राहिलं नाही. मी बदललं नाही."

"मला कधी बोलली नाहीस," चंद्रकांत म्हणाले.

"तुम्ही कुठे बोललात?"

ढिल्लोंने दोन्ही पासपोर्ट जवळजवळ ठेवले, त्यांच्याखाली दोन्ही दाखले. डोकं खाजवलं.

"सच बोलूँ जी? कागज़ पे तो आप चार जने जा रहे हो."

चंद्रकांत एकदम हसले. आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर थांबले.

मधुरिमाने विश्राम दिघ्यांचा दाखला उचलला. तारीख वाचली, हॉस्पिटल वाचलं, नोंदणी क्रमांक वाचला. कुठे काही चुकलंय का ते पाहत शेवटच्या शिक्क्यापर्यंत गेली. कागद खरा होता. तिने तो होता तसा, आईच्या शेजारी ठेवला.

"तो री-इश्यू कैंसल?"

"रहने दीजिए," वासंती म्हणाली. "दोनों के."

"ठीक है. टिकट ब्लॉक कर देता हूँ, दिल्ली-रोम. सीट कौन-सी? विंडो, आइल?"

"मुझे आइल," चंद्रकांत म्हणाले. "घुटने."

"और आंटीजी को?"

वासंती मधुरिमाकडे वळली. आल्यापासून प्रथमच. आवाज एवढा खाली आणला की बाबांनाही ऐकू गेला नसावा.

"कांचनताईंना खिडकी लागायची का गं?"

मधुरिमाने तोंड उघडलं, पण तिला सांगता येईना. बसमध्ये, गाडीत, विमानात, खिडकीशी कायम मधुरिमाच बसलेली असायची.