मिठागरवाले

बाबांना शुगर निघाली आणि पालेगावची आत्या आईवरच घसरली, "गोड चहा पाजून पाजून माझ्या भावाची वाट लावलीस गो." तिने साखरेचा डबाच उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला. बाबा गप्प बसले, म्हणून माझं डोकं सणकलं. सकाळीच डॉक्टर माझ्यादेखत म्हणाले होते, "बीपी वाढवणारे हार्मोन्स इन्सुलिनलाही नीट काम करू देत नाहीत. त्यांना आवरणारी बीपीची गोळी रोज घेता ना?" बाबांनी मान डोलावली होती. मी खडेमिठाची बरणी आत्यासमोर उपडी केली. दुपारी मीठ काढताना मला दिसलेली बीपीच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं मिठासकट बाहेर पडली. बाबा पुटपुटले, "आपण मिठागरवाले. आजा खडेमीठ खाऊन नव्वद जगला. मला कसलं बीपी?" साखरेचा डबा मी आईला दिला, एक गोळी बाबांना. "आधी आईला सॉरी म्हणा. मग ही गिळा."