उजवं बटण

“हे बोट दुखून राह्यलं रे,” म्हणत कमलाकर साहेबांनी उजव्या हाताचं मधलं बोट कॉम्प्युटर ऑपरेटर रवीसमोर उभं धरलं. रवीने ते गंभीरपणे पाहिलं.

बोंडअळीने कापूस खाल्ला, ते वर्ष. वेचणीच्या बायांना शिलाई मशीन द्यायची योजना निघाली होती. यवतमाळच्या कचेरीत जिल्हाभरातून सहाशे अर्ज आले. मंजुरी साहेबांच्या हातात. हातात म्हणजे दोन बोटांत. कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली होती, कारण ती फुकट होती. रवीने माउस साहेबांच्या सोयीने लावून दिला होता. डावं बटण मंजूर, उजवं नामंजूर. बटण दाबलं की थेट पुढचा अर्ज. आधीच्याचं काय झालं ते स्क्रीन सांगत नसे.

उजव्या बटणाचा रंग उडाला होता. डावं नवंकोरं होतं.

“अदलाबदल कर. नामंजूर डाव्या बटणावर दे, पहिल्या बोटाखाली.”

“करतो साहेब. एका ओळीचं काम आहे.”

“ही पाहा.” साहेबांनी एका अर्जावरचा फोटो दाखवला. “हसून राह्यली. हिला कायले पाहिजे मशीन?”

रवीने फाइल उघडली. बटणांचा क्रम ‘१ २ ३’ खोडून ‘३ २ १’ लिहिला.

“आई काय करते रे तुझी?”

“कापूस वेचे. आता बसून आहे.”

नुसती बसून नव्हती. खाटेच्या काठावर बसून ती रोज तासभर रिकामेच पाय वरखाली करायची. मशीन आलीच, तर पायांना सवय असावी म्हणून. हे रवीने सांगितलं नाही.

“अर्ज भरला तिनं?”

“भरला ना साहेब.”

“नाव?”

“रुखमाबाई. गाव मुकुटबन.”

“हं,” साहेब म्हणाले.

तो ‘हं’ रवीला नामंजुरीचा वाटला. त्याने ‘३ २ १’ खोडलं, पुन्हा ‘१ २ ३’ लिहिलं आणि उगाच चार कळा खटखटवल्या.

“झालं साहेब. आता डावं नामंजूर, उजवं मंजूर.”

झालं काहीच नव्हतं. साहेब जिला नाकारतील, तिला मशीन मिळणार होती.

साहेब कामाला लागले. टक. टक. टक. रवी शेजारी प्रिंटर पुसत राहिला. पुसून झालेला प्रिंटर त्याने आणखी तीनदा पुसला. नामंजुरी इतक्या आनंदाने त्या कचेरीत कोणी ऐकली नसेल.

पाच वाजता यादी मुंबईला गेली. गेलेली यादी परत येत नसे.

साहेबांनी बोटं मोडली. “मस्त झालं रे तुझं काम. एकदम आराम.” मग दाराकडे पाहून आवाज बारीक केला. “इकडे ये. कोणाला बोलू नको, नाही तर लोक माझ्या मागं लागतील. अदलाबदल झाल्यावर उजवं बटण मी एकदाच दाबलं. तुझ्या आईसाठी.”