आखूड होणारी बाही

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या आमच्या शेटलंड बेटांवर उन्हाळा म्हणजे मुलांची शाळा बंद आणि मेंढ्यांची कातरणी सुरू. त्यातच माझी सून रोना हिवाळ्यासाठी स्वेटरचे नवे नमुने रचत होती. शनिवारच्या बोटीनं पहिला स्वेटर गेला नाही, तर तिचं नाव यंदाच्या विणकामाच्या पुस्तकातून गळणार होतं. आणि रोज ती कातरणीवरून घरी आली, की त्याची बाही चार बोटं आखूड झालेली असायची.

"आई, मांजरानं ओढलं म्हणावं, तर उसवून सगळे टाके परत सुईवर नीट चढवलेत," ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "एवढा सफाईदार हात या घरात कुणाचा आहे?"

"माझाच," मी म्हटलं. "पण मला उसवायचंच असतं, तर आधी तो जांभळा गळा उसवला असता."

ती हसली नाही. मग माझ्या लक्षात आलं, की ही सफाई मी याच वर्षी आणखी एका हाताला शिकवली होती. माझी आठ वर्षांची नात ऑस्ला अंगणात होती. तिला जवळ बसवून विचारलं, तर तिनं लगेच कबूल केलं.

"ती बाही आईला आता पाठ झालीय, म्हणून विणताना माझ्याशी बोलते. नवीन काही सुरू केलं, की म्हणते, गप्प बस, मी टाके मोजतेय."