उघड्या दारातली हाक

"दार लावा हो सासूबाई, लोक बघतायत," समुपदेशन केंद्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर आपल्या आईशेजारी, घरच्या माणसांत बसलेला जावई कुरकुरला.

"मग माझ्या लेकीचा जीव परत यायचा कुठून? चोरासारखा खिडकीतून?" म्हातारी कडाडली. अमेरिकेत येऊन केस पिकले, तरी ती अजून लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग लोकांची भगतीणच होती. अपघातात धाकटा दीर गेला, त्या दिवसापासून तिची लेक येर बोलेनाशी झाली होती. गाडी येर चालवत होती, असं सारं सासर सांगायचं. घाबरलेला जीव अपघाताच्या जागीच राहतो, त्याला उघड्या दारातून हाक मारून घरी आणायचं, ही ह्मोंगांची रीत.

समुपदेशक पाजुआही ह्मोंगच. पण दार बंद ठेवायचं, हा तिच्या शिक्षणातला पहिला नियम. तिनं येरकडे पाहिलं. येरनं आईच्या बाजूनं होकारार्थी मान हलवली, तशी पाजुआनं दार उघडंच राहावं म्हणून त्याला खुर्ची लावून ठेवली.

म्हातारीनं जीव बोलावण्याच्या विधीचं अंडं हातात धरून हाक घातली, "येर, त्या चौकात एकटी थांबू नकोस गं. घरी ये."

पाजुआ येरजवळ बसली. "चौकात काय दिसतंय, येर?"

जावई ताडकन उठला आणि खुर्ची सरकवून दार ओढू लागला.

"राहू दे उघडं." आवाज गंजलेला होता, पण बाकापर्यंत पोचला. "गाडी मी चालवत नव्हते. तुम्ही चालवत होतात, दारू पिऊन. आता सांगा तुमच्या आईला, तुमच्या भावाला कोणी मारलं ते."