कपाटातली पूड

दिवा बंद केला तरी बाटलीतली पूड तीन सेकंद हिरवी चमकत राहिली. सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तीन सेकंद.

प्रकाश शोषून धरून ठेवणारी सच्छिद्र पूड करायची, म्हणजे पुढेमागे त्याची वीज करता येईल, हा माझा पीएचडीचा विषय. त्या धरण्याला शास्त्रात ट्रिप्लेट अवस्था म्हणतात. माझ्या पुडीने पाच वर्षं काहीच धरलं नव्हतं.

मी घाईने ताजी पूड केली. ती चमकली नाही. चमकत होती फक्त कपाटातली, सैल झाकणाची. कपाटात डोकं घातलं, तर बाटल्यांमागे डांबरगोळ्या.

"झुरळं झाली होती, मॅडम," प्रयोगशाळेचे शिपाई कोंडाळकरमामा म्हणाले. "पुडीला वास लागला का? फेकून देतो."

"थांबा!" सर ओरडले. गोळ्यांचा वास पुडीच्या छिद्रांत जाऊन बसला होता, आणि प्रकाश धरत होता तो वासच. "मामा, या आणल्या कुठून?"

"घरून. बायकोच्या शालूतल्या."

"लिहून घे," सर मला म्हणाले.

मी वही उघडली. मामांचा चेहरा उतरला.

"शालूचं तेवढं लिहू नका, मॅडम. तिला अजून माहीत नाही."