वीसपर्यंत

मोबाईलने डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, अधूनमधून लांबच्या झाडाकडे बघत वीसपर्यंत मोजा.

“चिकू मोजतेस काय गं, विनिता?” सासूबाई चिडवतात. नवरा वापीला कामाला. दिवसभर सोबतीला मोबाईलच.

आज दुपारी सासूबाई चिकू भरायला गेल्या होत्या. माझी निधी आत झोळीत झोपली होती. मी ओट्यावर बसून वाडीतल्या शेवटच्या झाडाकडे बघत मोजत होते. सतराला निधी कुरकुरली, म्हणून थांबले.

“अठरा,” त्या झाडापाशी कोणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता.

तिथे कोणीच नव्हतं.

“एकोणीस,” आता अलीकडे, विहिरीपाशी.

मी आत धावले. झोळी हळूहळू हलत होती. निधी शांत झाली होती.

झोळीमागून माझ्याच आवाजात, अगदी मायेनं, कोणी म्हणालं, “वीस.”