हरलेल्याचं नाव

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला भरलेल्या कुस्त्यांच्या मैदानात वत्सलाबाई नवऱ्याचंच निवेदन ऐकत होत्या. त्यांच्या, म्हणजे आप्पा खोचीकरांच्या, जुन्या निवेदनांवर शिकवलेलं यंत्र त्यांच्याच आवाजात भोंग्यातून गर्जत होतं, माणसं खूश होती.

कुस्ती निकाली झाली. जिंकलेल्याचं नाव घुमलं आणि लगेच पाइपांची जाहिरात लागली. हरलेला पैलवान अंगाची माती झाडत भोंग्याकडं बघत उभाच राहिला.

आप्पा हरलेल्याचं नाव, गाव, वस्ताद आधी सांगायचे. संयोजकांनी किती डोकं आपटलं, तरी चाळीस वर्षं त्यांनी ते सोडलं नव्हतं.

“ह्याचं नाव राहिलं की,” वत्सलाबाई संयोजकाला म्हणाल्या.

“ते काढून टाकलं, वहिनी. वेळ जातो. पण परस्पर नाही हं! सकाळीच यंत्रावर आप्पांना विचारलं. लगेच हो म्हणाले.”